दुबईची बरणी, लखनौची बरणी

सांगलीकडच्या एका लहानशा कारखान्यात हलालचं, म्हणजे माल इस्लामच्या खाण्यापिण्याच्या नियमांत बसतो की नाही याचं, ऑडिट होतं. लोणची, चिक्की, भाजणी, मसाले असा तिथला माल. मालक माळकरी. फाटकातून आत अंडंसुद्धा येत नाही, कामगारांच्या डब्यांवरही लक्ष असतं. मी निर्यातीची कागदपत्रं बघणारा माणूस म्हणून सोबत गेलो होतो. या पोराला इथे काय सापडणार, असं मालकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

ऑडिटर खरंच पोरगेलासा होता, फूड टेक्नॉलॉजी शिकलेला. मिरची-हळदीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. चिक्कीच्या ट्रेला तेल लावायचा ब्रश मागितला, तो घेऊन बाहेर पत्र्याच्या शेडखाली आला, त्यातले दोन केस उपटले आणि काडी ओढून जाळले. केस करपल्याचा वास सुटला. नायलॉन असतं तर वितळून टोकाला गोळी झाली असती. ही तर चिमूटभर राख. "हा जनावराचा केस आहे. कुठल्या?" दांड्यावर काहीच छापलेलं नव्हतं. ब्रश पुरवणाऱ्याला फोन लावला. तो सहज म्हणाला, "साहेब, ब्रिसल डुकराचेच असतात की! रंगाच्या ब्रशला काय, तेलाच्या ब्रशला काय."

मालक शेंगदाण्याच्या पोत्यावर बसले ते पाच मिनिटं उठलेच नाहीत. त्यांच्या प्रत्येक पाकिटावर हिरवा ठिपका होता आणि तो त्यांनी श्रद्धेने छापला होता. ठिपका खोटा नव्हता, कारण तो घटकपदार्थांबद्दल बोलतो आणि ब्रश हा काही घटकपदार्थ नव्हे. पण एकादशी न चुकवणाऱ्या त्या माणसाच्या चिक्कीवरून रोज डुकराचे केस फिरत होते, आणि ते दाखवून दिलं हलालच्या ऑडिटने.

आपल्याकडे हलालवर जे वाद झडतात ते ऐकताना मला दर वेळी तो ब्रश आठवतो. वाद सगळा धर्माचा असतो. धंदा मात्र शंकेवर चालतो. गिऱ्हाइकाच्या मनात एक शंका आहे, ती त्याला स्वतःला तपासता येत नाही, म्हणून ती तपासणारा कुणीतरी लागतो. ज्या बिगर-मुस्लिम देशांनी ही शंका गांभीर्याने घेतली, ती तपासायची पद्धत नीट बसवली आणि त्या पद्धतीवर स्वतःच्या सरकारची नजर ठेवली, त्यांचा हलाल उद्योग उभा राहिला. आपण मात्र माल परदेशात जाताना शिक्का मारतो आणि घरात त्याच शिक्क्यावर गुन्हा दाखल करतो.

हलाल म्हणजे मांस, एवढीच अनेकांची समजूत असते. मांसाचा भाग मोठा आहे, पण कळायला सोपा आहे: जनावर कोणतं, कापलं कुणी, कसं, अल्लाचं नाव घेतलं की नाही. खरा गुंता कारखान्यात शिजणाऱ्या मालाचा. २००१ सालच्या जानेवारीत इंडोनेशियात अजिनोमोटोवर जे प्रकरण शेकलं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. पदार्थ साधा, चिमूटभर घालायची चवीची पूड. ती जिवाणूंकडून आंबवून तयार होते. ते जिवाणू ज्या खाद्यावर पोसले जात, ते खाद्य बनवताना डुकरापासून काढलेलं एक एन्झाइम वापरलं गेलं होतं. तयार पुडीत डुकराचा अंशही नव्हता. खुद्द राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, जे स्वतः मोठे धर्मपंडित होते, म्हणाले की पूड हलाल आहे. उलेमांची, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांची, परिषद मात्र अडून बसली. कंपनीला बाजारातला माल परत घ्यावा लागला, अधिकाऱ्यांना अटका झाल्या. बरोबर कोण होतं हा फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, प्रश्न, त्यात मी पडत नाही. धंदेवाल्याने घ्यायचा धडा एवढाच, की गिऱ्हाईक फक्त डब्यात काय आहे एवढं विचारत नाही, डब्यापर्यंत ते कुठल्या वाटेने आलं हेही विचारतं. आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. सोवळ्यातल्या स्वयंपाकाला पाणी कुणी भरलं हे विचारणारे लोक आपण!

साखरेचंच घ्या. साखरेला हलाल शिक्का कशाला, म्हणून हसू येतं. पण जगात अनेक रिफायनऱ्यांमध्ये साखरेचा रंग काढायला जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरत आलेत. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांत रस शुद्ध होतो तो चुना आणि गंधकाच्या धुराने. हाडांचा संबंध येत नाही. म्हणजे आपल्या साखरेकडे सांगण्यासारखी गोष्ट आहे, आणि ती विचारणारं गिऱ्हाईकही आहे. तेच औषधाच्या कॅप्सुलांचं. कॅप्सुलचं जिलेटिन डुकराच्या कातडीचं, गुराच्या हाडांचं, की माशाचं? रत्नागिरीच्या माशाचा तर प्रश्नच मिटलेला. मासळीला ना सुरी लागते ना कलमा. (कोळंबी-खेकडा चालतो का, यावर हनफी आणि शाफई या सुन्नी मुसलमानांच्या दोन पंथांत मतभेद आहेत. आपले कोकणी मुसलमान शाफई, त्यामुळे त्यांच्या ताटातलं कालवण निर्धास्त असतं.) इंडोनेशियाने २०१४ साली हलाल मालाच्या हमीचा कायदा केला. खाद्यपदार्थ, सौंदर्यप्रसाधनं, औषधं असं सगळं टप्प्याटप्प्याने त्याखाली येत आहे. हलाल नसलेला माल तिथे विकता येतो, पण तो तसा आहे हे वेष्टनावर लिहावं लागतं. जगातली सर्वांत मोठी मुस्लिम लोकसंख्या असलेला देश हे करतो, तेव्हा चिक्कीवाल्यापासून गोळ्या बनवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्याची झळ किंवा ऊब पोहोचते.

आता न्यूझीलंडकडे जाऊ, कारण हा उद्योग बिगर-मुस्लिम भूमीत कसा रुजतो हे तिथे सर्वांत स्वच्छ दिसतं.

त्या देशाचं सगळं गाडं मेंढीवर. शंभर वर्षं त्यांचं कोकरू इंग्लंडच्या ताटात जायचं. १९७३ साली इंग्लंड युरोपच्या सामायिक बाजारात शिरलं आणि हक्काचं गिऱ्हाईक हातचं निसटू लागलं. इकडे मेंढ्या तर वाढतच होत्या. १९८२ साली त्या ७ कोटींवर गेल्या, माणसं ३०-३२ लाख. इतकं मांस खपवायचं कुठे? इराण घ्यायला तयार होता. मग १९७९ साली तिथे क्रांती झाली आणि नव्या राजवटीने सांगितलं, घेऊ, पण हलाल हवं. त्या वेळी न्यूझीलंडमध्ये मुसलमान किती? आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी गावात असतील तेवढे. त्यांच्या संघटनांचा महासंघही त्याच १९७९ साली स्थापन झाला. कत्तलखान्यांतले कामगार गोरे किंवा माओरी, त्यांच्या युनियन कडक, आणि आता पट्ट्यावर सुरी धरायला मुसलमान माणूस हवा. कुरबुरी झाल्या. पण त्या सरकारने धर्माचा बाऊ केला नाही आणि धर्माची टिंगलही केली नाही. गिऱ्हाइकाची अट म्हणून ती लिहून घेतली, मांसात किती चरबी चालेल ही अट लिहून घेतात तशी.

मोठी अडचण वेगळीच होती. त्या समाजात जनावराला बेशुद्ध केल्याशिवाय कापणं लोकांना सहन होत नव्हतं. मुस्लिम गिऱ्हाइकाची अट अशी, की सुरी फिरताना जनावर जिवंत हवं. शॉकनेच मेलं तर ते मुर्दार, म्हणजे हराम. दोन्ही बाजूंना आपापली गोष्ट नैतिक वाटत होती, त्यामुळे सौदेबाजीला जागा नव्हती. हॅमिल्टनच्या मांस-संशोधन संस्थेतल्या लोकांनी ते कोडं तंत्राने सोडवलं. विजेचा झटका फक्त डोक्याला द्यायचा, हृदयाला पोहोचू द्यायचा नाही. मेंढी क्षणात बेशुद्ध होते, हृदय चालू राहतं. आणि पुरावा काय? झटका दिलेली मेंढी न कापता तशीच सोडून दिली, तर काही मिनिटांत उठून चालायला लागते. धर्मगुरूंना हे डोळ्यांनी दाखवता आलं. सगळ्यांनी ते मान्य केलं असं नाही. मुस्लिम जगात बेशुद्ध करण्यावर आजही एकमत नाही. पण एवढ्यांनी मान्य केलं, की आज तिथलं बहुतेक कोकरू हलाल पद्धतीने कापलं जातं, आणि त्यातलं बरंच खाणाऱ्या युरोपातल्या ख्रिश्चनांना त्याची खबरही नसते. ही खबर नसणं मला पटत नाही, त्याबद्दल पुढे. पुढे सरकारने निर्यातीच्या हलाल मालासाठी स्वतःचे नियम केले. धार्मिक तपासणी मुस्लिम संस्थांनी करायची, पण त्या संस्थांना मान्यता सरकारची, कागद सरकारचा, आणि लबाडी केली तर कारवाईही सरकारची.

शेजारच्या ऑस्ट्रेलियाला हीच अक्कल ठेच लागून आली. १९८१ साली अमेरिकेला पाठवलेल्या गोमांसात कांगारू आणि घोडा निघाला. देशाची छी-थू झाली, चौकशी आयोग बसला. निर्यातीच्या मांसाचे सगळे कागद तपासताना हलालच्या दाखल्यांची भोंगळ अवस्थाही उजेडात आली. १९८३ पासून हलाल निर्यातीवर सरकारी देखरेखीचा कार्यक्रम सुरू झाला. ज्याला घोड्याचं मांस गाय म्हणून विकता येतं, त्याला काहीही हलाल म्हणून विकता येईल, हे त्यांना उमगलं होतं.

थायलंडने आणखी एक पाऊल टाकलं. बौद्ध देश, मुसलमान वीसात एक. तिथे शिक्का इस्लामी परिषदेचा, पण परीक्षा चुलालाँगकॉर्न विद्यापीठाच्या हलाल विज्ञान केंद्रात. बौद्ध राजाच्या नावाचं विद्यापीठ, सरकारी पैसा, आणि प्रयोगशाळेत सॉसेजमध्ये डुकराचा डीएनए शोधायचं काम. केंद्र उभारणारे डॉ. विनाई दहलान हे पोषणशास्त्रज्ञ, इंडोनेशियात १९१२ साली मुहम्मदिया ही संघटना काढणाऱ्या अहमद दहलान यांचे नातू. उलेमाचा नातू टेस्ट ट्यूब घेऊन बसला आहे, हे पाहून जकार्तातल्या आयातदाराला जो भरवसा वाटत असेल, तो जाहिरातीने विकत मिळत नाही.

आणि ब्राझील! कॅथलिक देश, पण आखाती देशांत पोहोचणारी गोठवलेली कोंबडी बहुतकरून तिथली.

उलटं उदाहरणही आहे. दक्षिण कोरियाने इक्सान शहराजवळच्या अन्न-उद्योग वसाहतीत हलाल विभाग काढायचं ठरवलं. प्रोटेस्टंट चर्चच्या गटांनी रान उठवलं: मुसलमान येतील, दहशतवादी येतील. २०१६ च्या जानेवारीत सरकारने माघार घेतली. कोरियन नूडल्सना हलाल शिक्का आजही मिळतो, तिथल्या मुस्लिम फेडरेशनकडून मिळतो, आणि त्या नूडल्स आग्नेय आशियात धोधो विकल्या जातात. फक्त सरकार त्यात नसल्याचं नाटक झालं. धंदा थांबला नाही, देखरेख तेवढी थांबली. हे वाचताना आपल्याला आपलंच घर आठवावं.

आपल्या घरात काय चाललंय? २०२३-२४ या एका वर्षात आपण सुमारे १३ लाख टन म्हशीचं मांस निर्यात केलं, किंमत ३१ हजार कोटी रुपयांच्या घरात. यातला मोठा वाटा मलेशिया, इजिप्त, इराक, सौदी अशा देशांत जातो. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश हे त्यातले मोठे प्रांत, आणि न्हावा शेवा हे मोठं दार. आपल्या राज्यात २०१५ पासून बैल कापायलाही बंदी आहे, म्हैस मात्र कायद्यात बसते. म्हणजे हिंदुबहुल भारत हा हलाल धंद्यातला नवशिक्या मुळीच नाही. तो जुना, मोठा खेळाडू आहे. तरी आपलं सरकार या शब्दाकडे सवतीच्या पोराकडे बघावं तसं बघतं. जानेवारी २०२१ मध्ये निर्यात पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने आपल्या मांस-पुस्तिकेतून 'हलाल' हा शब्दच काढून टाकला. मांस त्याच पद्धतीने कापलं जात राहिलं. एप्रिल २०२३ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने तोच शब्द सन्मानाने परत आणला: हलाल म्हणून मांस पाठवायचं तर भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेखालचा दाखला हवा, आणि दाखला देणाऱ्या संस्थेला सरकारी मान्यता हवी. मुदती वाढत वाढत ऑक्टोबर २०२४ पासून १५ देशांसाठी ते लागू झालं. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत या विषयावर झालेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम, आणि म्हणूनच त्याची बातमी कुणी वाचली नाही.

सगळ्यांनी वाचली ती दुसरी बातमी. १८ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तर प्रदेश सरकारने हलाल-प्रमाणित मालाचं उत्पादन, साठवण आणि विक्री यांवर बंदी घातली. कारण असं दिलं, की अन्नाची गुणवत्ता ठरवायला कायद्याने एक यंत्रणा असताना ही समांतर यंत्रणा गोंधळ करते. आणि पुढे एक ओळ: निर्यातीचा माल वगळून. म्हणजे एकाच कढईतलं लोणचं, एकाच यंत्राने भरलेल्या दोन बरण्या. एक दुबईला जाणार, तिला हा शिक्का नसेल तर आयातदार हात लावणार नाही. दुसरी लखनौला जाणार, तिच्यावर तोच शिक्का असला तर दुकानदारावर गुन्हा. आता समांतर यंत्रणा गोंधळ करत असेल तर तो दुबईकर गिऱ्हाइकाचाही होईल ना? आणि करत नसेल, तर लखनौच्या बाईला तो होतो हे कशावरून?

विरोध करणाऱ्यांचे सगळेच मुद्दे मी उडवून लावणार नाही. या धंद्यात राहून काही गोष्टी मलाही डाचतात.

एक म्हणजे पैसा. दाखला देणाऱ्या खासगी संस्था, त्यातल्या काही धार्मिक ट्रस्टच्या. एका कारखान्याला एक दर, शेजारच्याला दुसरा. दरपत्रक मागितलं की "बसून बोलू". अशा बंद दाराआडच्या व्यवहारातून 'हा पैसा दहशतवादाला जातो' अशी आवई उठते. ऑस्ट्रेलियातही ती उठली होती. २०१४ मध्ये तिथल्या एका लहान डेअरीने समाजमाध्यमांवरच्या दबावाने हलाल दाखला सोडला आणि एमिरेट्स विमान कंपनीचं ५० हजार डॉलरचं दह्याचं काम गमावलं. मग सिनेटने चौकशी केली. डिसेंबर २०१५ च्या अहवालात दहशतवादाशी संबंधाचा पुरावा काही निघाला नाही, पण कारभार अधिक उघडा हवा हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडेही करायचं काम तेच आहे. दर जाहीर करा, हिशेब तपासा, ज्याच्याविरुद्ध पुरावा असेल त्याला आत टाका. पण हिशेब मागायचा सोडून बरणी जप्त करणं ही चोरीची चौकशी नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्क्याचा सुळसुळाट. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की सिमेंट आणि लोखंडी सळ्यांनाही हलाल दाखले दिले जातात. यावर संस्थांचं म्हणणं काहीही असो, मला विचाराल तर जिथे शंकेला जागाच नाही तिथे शिक्का म्हणजे फी उकळणं. पाण्याच्या बाटलीवर 'ग्लुटेन-फ्री' छापणारे महाभाग आहेत, त्याच पंक्तीतलं हे. यादी करा: कुठे जनावराचा, मद्याचा, रक्ताचा संबंध येऊ शकतो. बाकीच्यांना दाखला देऊच नका.

तिसरी गोष्ट सर्वांत खरी. ज्याला हलाल नको आहे त्याचं काय? शिखांच्या रहित मर्यादेत, म्हणजे त्यांच्या आचारसंहितेत, हलालचं मांस वर्ज्य आहे. आपल्याकडच्या हिंदू खाटकांची तक्रार अशी, की मोठी हॉटेलं, विमान कंपन्या, केटरर सरसकट हलालच घेतात, कारण एका मालात सगळी गिऱ्हाइकं भागतात, आणि त्यात झटकावाल्याचा, म्हणजे एकाच घावात जनावर कापणाऱ्याचा, धंदा बसतो. ही तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. न्यूझीलंडचं कोकरू न सांगता खाऊ घालणं मला पटत नाही म्हणालो ते याचसाठी. गिऱ्हाइकाच्या शंकेचा आदर करायचा तर तो सगळ्या गिऱ्हाइकांच्या शंकेचा. दक्षिण दिल्लीच्या महापालिकेने २०२१ मध्ये दुकानांनी आणि हॉटेलांनी मांस हलाल आहे की झटका याची पाटी लावावी असा ठराव केला. त्यामागचं राजकारण काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण पाटी मात्र रास्त आहे.

म्हणूनच मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र आलं तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया होती: चांगलं आहे, निकष दाखवा. कापण्याची पद्धत लिहिली आहे का, तपासायला कोण जाणार, भेसळ निघाली तर दंड किती, दाखला रद्द कोण करणार? शिक्का हा शब्द या धंद्यात एवढ्या प्रश्नांची उत्तरं मिळून बनतो. ती उत्तरं असतील तर मल्हार आणि हलाल शेजारी-शेजारी नांदोत. ती नसतील तर तो दुकानावरचा झेंडा झाला, दाखला नाही.

नावाबद्दल मात्र एक गंमत सांगायलाच हवी. जेजुरीच्या मल्हारीला मुसलमान भक्तही आहेत आणि ते त्याला मल्लूखान म्हणत आले आहेत, अजमतखानही म्हणतात. मुसलमानाला बाजूला ठेवायला ज्याचं नाव निवडलं, तो देव आधीच खान होऊन बसला आहे.

आणि गावाकडची गोष्ट तर कुणाला आठवतच नाही. अलुतेदार-बलुतेदारांत मुलाणी होता. आमच्या आजोळी म्हसोबाच्या जत्रेला बकरं पडायचं, तेव्हा सुरी मुलाण्याचीच. भगत बकऱ्याच्या अंगावर पाणी शिंपडायचा, बकऱ्याने अंग झटकलं की देवाने मान्य केलं, आणि मग मुलाणी पुढे यायचा. ओठांत पुटपुटायचा, सुरी फिरवायचा. त्याचा वाटा ठरलेला, मानेकडचा. आजी पक्की मराठमोळी, मुलाण्याच्या घरचं पाणी पिणार नाही. पण एकदा मुलाणी बाहेरगावी होता म्हणून पोरांनीच बकरं कापलं, तर तिने चुलीवर पातेलं ठेवायला नकार दिला. "मुलाण्याबिगर कापलंय, ते मढं झालं," म्हणाली. शेवटी शेजारच्या वाडीचा मुलाणी आणून दुसरं बकरं कापलं. तिला हलाल हा शब्द फक्त 'निमकहलाल'मध्ये माहीत असेल. पण दाखला लागतो, आणि तो ठरलेल्या माणसाचाच लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या जुन्या रचनेचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. उतरंड होती, मुलाणी खालच्याच पायरीवर होता. फक्त एवढंच, की हलाल ही अरबस्तानातून कालपरवा उतरलेली आपत्ती आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या आजोळी चौकशी करावी.

मग सरकारने काय करावं? माझं उत्तर सराफकट्ट्यावरचं आहे. पूर्वी सोनं सराफाच्या शब्दावर घ्यायचो. कुणी बावीस कॅरेट म्हणून अठरा द्यायचा. मग हॉलमार्क आला, २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. सोनं घ्या किंवा घेऊ नका, सरकारचं त्यावर मत नाही. बावीस म्हणालास तर बावीस आहे का, एवढंच सरकार पाहतं. हिरव्या ठिपक्याचंही तेच. मांसाहार पाप की पुण्य याचा निवाडा न करता २००१ पासून आपण कायद्याने ठिपका छापून घेतो. हलालचं, झटक्याचं, जैनांच्या कंदमुळाविना मालाचं, यहुद्यांच्या कोशेरचं असंच व्हावं. (अलिबागकडचे बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत, खाण्यापिण्याचे धार्मिक नियम पाळणारी गिऱ्हाइकं या किनाऱ्याला नवी नाहीत.) काय हलाल हे उलेमा ठरवोत. ठरवलं तसं झालं की नाही, हे मान्यताप्राप्त तपासनीस पाहो. आणि तपासनीस लबाडी करतो का, हे सरकारने पाहावं.

यंत्रणा तयार आहे. गुणवत्ता परिषदेची जी योजना आज मांसापुरती आणि निर्यातीपुरती आहे, ती लोणच्याला, चिक्कीला, कॅप्सुलला आणि घरगुती बाजारालाही खुली करावी. ऐच्छिक, जाहीर दराची. मग 'समांतर यंत्रणा' ही तक्रारच उरत नाही. आज मांसवाल्याला सरकारी मान्यतेचा दाखला मिळतो आणि माझ्या चिक्कीवाल्याला खासगी संस्थेच्या मर्जीवर राहावं लागतं, हे उफराटं आहे. मोठे निर्यातदार दोन्हीकडून निभावून नेतात. मरतो तो लहान कारखानदार. इंडोनेशियाचा दाखला वेगळा, मलेशियाचा वेगळा, आखाताचा वेगळा, आणि प्रत्येकाची फी, प्रत्येकाच्या माणसाचं तिकीट नि हॉटेल. सरकारने त्या देशांशी बोलून एकमेकांचे दाखले मान्य करून घेतले तर त्याचे दोन पैसे वाचतील. पण जो दाखला आपण आपल्याच एका राज्यात गुन्हा ठरवतो, तो जकार्ताने मान्य करावा हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्या कारखान्याला शेवटी दाखला मिळाला. सगळे ब्रश नायलॉनचे आले, मशीनच्या ग्रीसचा पुरवठादार बदलला. पहिला कंटेनर मलेशियाला गेला तेव्हा मालकांनी मला पेढे पाठवले. मध्यंतरी पुन्हा जाणं झालं तर स्टोअरच्या दाराशी, रजिस्टरच्या शेजारी, दोऱ्याने बांधलेली काड्यापेटी लटकत होती. नवा ब्रश आला की स्टोअरवाला मुलगा आधी दोन केस उपटतो, शेडखाली जाऊन जाळतो, वास घेतो आणि मगच रजिस्टरात सही करतो. मी विचारलं, दाखल्याच्या नियमात हे रोज करायला सांगितलंय का? मालक म्हणाले, "त्यांच्या नाही हो. हे आमच्यासाठी."